जोमाशेठचे दोन भाव

जोमाशेठ भोईर मला बिटकॉइनचा भाव तोंडाने कधीच सांगत नसत. आमच्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत उभे असताना ते खांद्यावरचा पंचा माझ्या उजव्या हातावर टाकत आणि पंच्याखाली माझी बोटं धरून दाबत. आधी चार, मग थोडं थांबून दोन, मग एक बोट अर्ध्यातून मुडपून. चेहरा मात्र सरळ, लिफ्टच्या दाराकडे. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्याला वाटावं, दोन म्हातारे एकाच पंच्याला हात पुसत आहेत.

"कळला?" ते विचारत.

"नाही."

"भाव सांगितला."

"चार आणि दोन. पण चार काय? चार हजार की चार लाख?"

"ते ज्याचं त्याला म्हाईत असतं, सर. कांद्याच्या गाळ्यात कोनी विचारत नाय, चार रुपये का चारशे."

"शेठ, हा भाव जगातल्या प्रत्येक फोनवर उघडा दिसतो."

"तोच तर येडेपना हाय," ते म्हणत आणि पंचा झटकून पुन्हा खांद्यावर टाकत.

जोमाशेठ गेले त्याला अडीच महिने झाले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनही वेळा पहिलं वाक्य लिहून उठलो. आज चौथ्यांदा बसलो आहे.

आमची सोसायटी सानपाड्यात, रेल्वेच्या पूर्वेला. मी तिसऱ्या मजल्यावर, जोमाशेठ समोरच्या दारात. ते इथल्याच गावचे, आगरी. त्यांच्या वडिलांची भातशेती आणि खाडीकडचं एक मिठागर शहर वसवायला गेलं. मग जोमाशेठ तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर लागले. तिथे तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दलाली केली. शेतकऱ्याचा माल एका बाजूला, घेणारा व्यापारी दुसऱ्या बाजूला आणि मधे पंच्याखाली जोमाशेठची बोटं. बाजार सुटला तरी बोटं सुटली नाहीत. बायको आधीच गेलेली. मुलगा उलव्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, "बाबा, तुम्ही पण चला" असं दोनदा म्हणाला.

"तो सांगायचा भाव व्हता," जोमाशेठ मला म्हणाले. "मागायचा नव्हता."

हे त्यांचं सगळ्या जगाचं गणित. प्रत्येक गोष्टीला दोन भाव असतात. विकणारा जो म्हणतो तो सांगायचा भाव. घेणारा खरोखर जे द्यायला तयार असतो तो मागायचा भाव. "सांगनाऱ्याची जीभ फुकट असते, सर. मागनारा कोन हाय, ते बगा." लिफ्ट उद्या सुरू होईल असं सेक्रेटरीने लिहून चिकटवलं, की जोमाशेठ त्या कागदाखाली उभे राहून म्हणत, "सांगायचा." हळदीचं जेवण आठला आहे असं कुणी म्हणालं, की हे नऊला आंघोळीला जात. एकदा पुनर्विकासवाला बिल्डर मीटिंगला आला होता. त्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून प्रत्येकाला केवढी मोठी खोली मिळणार ते सांगितलं. सगळे भारावून गेले होते. मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "येवढी बिल्डिंग बांदून घेनारा कोन हाय? मागनारा दाखव, मंग आमी सही करतो." बिल्डर पुन्हा आला नाही. सोसायटी अजून जोमाशेठना त्याबद्दल दोष देते.

क्रिप्टोकडे ते कसे वळले हे मला नक्की सांगता येणार नाही. मुलाने वाढदिवसाला फोन दिला, त्यात कुठलीशी जाहिरात आली आणि ते फोन घेऊन माझ्याकडे आले. मी कॉलेजात मराठी शिकवत असे, त्यामुळे मला इंग्रजीही येत असणार अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना ॲप उघडून दिलं. पडद्यावर डावीकडे हिरव्या आकड्यांची उतरंड, उजवीकडे लाल आकड्यांची. मी वाचून वाचून अर्थ लावला. हिरवे ते घेणाऱ्यांचे भाव, लाल ते विकणाऱ्यांचे.

जोमाशेठ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पंच्याने फोनची काच पुसली.

"दोनी भाव? उघडे?"

"हो. आणि हे मधलं अंतर."

"ही फट," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. "सर, आमचा जल्म गेला ही फट हुडकन्यात. यांनी भिंतीवर टांगून ठेवलीये."

पुढे त्यांनीच मला शिकवलं. फट बारीक असली म्हणजे बाजार जिता आहे, घेणारे-विकणारे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. फट रुंद झाली की बाजार आजारी. आणि वर जो एकच मोठा आकडा दिसतो, तो शेवटच्या सौद्याचा भाव. तो काल झालेला असेल, परवा झालेला असेल. "तो फोटो हाय. फोटोला भाकर घालून काय उपेग?"

शिकवणारे असे, पण स्वतःचा पहिला सौदा त्यांनी असा केला, की त्या बाजारात तसा दुसऱ्या कुणी केला नसेल. बिटकॉइनच्या चिमूटभर तुकड्यासाठी त्यांनी चालू भावाच्या निम्मा भाव लावला आणि फोन पंच्याखाली धरून समोरच्याची वाट बघत बसले. संध्याकाळी माझी बेल वाजली.

"सर, समोरचा बोलतच नाय."

"कोण बोलणार?"

"मी निम्मा बोललो. आता त्यानं दोन शिव्या देऊन थोडा खाली यावा, मी थोडा वर जाईन. अशी रीत हाय. सकाळपासून शिवी नाय, काय नाय."

मी सांगितलं, इथे कुणी बोलत नसतं. आपण भाव लावायचा, तो तिथे उभा राहतो. कुणाला पटला तर सौदा आपोआप होतो.

"मुका बाजार!" ते म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले.

दुसऱ्या सौद्यात त्यांनी उलट टोक गाठलं. कुठल्याशा लहान कॉइनची मोठी खरेदी एका बटणात केली. विकणारे थोडेच होते. पहिल्याकडचा माल अकरा रुपयांना संपला, दुसऱ्याकडचा तेराला, मग पंधरा, मग एकोणीस. अकराचा माल सरासरी सोळाला पडला. दलाली केलेला माणूस, रात्रीचं जेवला नाही. "एका घासात आक्खी गल्ली खाल्ली, सर. आमी असं गिऱ्हाईक बगितलं की गाळ्यातली पोरं टाळ्या वाजवायची." त्यानंतर भाव न लावता त्यांनी काही घेतलं नाही.

आता वासंतीताई. दुसऱ्या मजल्यावर राहतात, मूळच्या संगमेश्वरकडच्या. नवरा गेल्यापासून डब्यांवर घर चालवतात. जोमाशेठचा डबाही त्यांच्याकडचाच. मुलगी हुशार. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला जून अखेरची मुदत होती. फीचे पैसे वासंतीताईंनी चार वर्षं साठवले होते. त्या वर्षी आमच्या सोसायटीत मोगरा कॉइन नावाची साथ आली. कुणाच्या तरी मेहुण्याने आणली. सात-आठ घरांनी घेतलं. वासंतीताईंनी मुलीच्या फीचे सगळे पैसे त्यात घातले. चाळीस रुपयांनी दीड हजार नग. महिन्याभरात ॲपवरचा मोठा आकडा बासष्ट झाला.

त्या डबा द्यायला वर आल्या, तेव्हा मीही तिथे होतो.

"शेठ, बासष्ट! फी भरून वर लॅपटॉप येईल."

जोमाशेठनी ताईंचा फोन हातात घेतला, मोठा आकडा अंगठ्याने झाकला आणि खाली बघितलं. "ताई, मागनारा कोन हाय यात?"

"असेल की कोणीतरी. एवढा भाव आहे म्हणजे."

"लाल बाजूला दिंडी उभी हाय. हिरव्या बाजूला चार टाळकी. आजच्या आज खाली कर गाडी."

"तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही," त्या हसून म्हणाल्या आणि गेल्या.

जून उजाडला तेव्हा मेहुण्याचा फोन लागत नव्हता. मोठा आकडा अजूनही अठ्ठावन्न दाखवत होता. पण हिरवी बाजू कोरी. चार टाळकी होती तीही उठून गेली होती. बाकीच्या घरांनी हळहळून ॲप काढून टाकलं. त्यांनी पूर्वी लावून ठेवलेले सत्तर-ऐंशीचे भाव लाल बाजूला तसेच लटकत राहिले. वासंतीताईंनी मात्र रोज एकशे आठ नग विकायला लावले. देवाचा आकडा म्हणून. भाव अठ्ठावन्न, मग पन्नास, मग बेचाळीस. कुणी घेतले नाहीत. त्या डब्यात मीठ विसरायला लागल्या.

जोमाशेठनी आधी सरळ मार्ग करून बघितला. "ताई, फीचं मी बगतो." ताईंनी त्यांना अर्ध्या वाक्यात तोडलं. "मी कुणाचं घेत नाही, शेठ. तुम्ही जेवा."

दुसऱ्या दिवशी ते सकाळी अकराला माझ्याकडे आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. गाळ्यावर जायचा त्यांचा जुना वेश.

"सर, मोगरा मागायचा."

"शेठ, ते मेलेलं आहे."

"म्हाईत हाय. पन तिची गाडी भरलेली उभी हाय ना. माझ्या गाळ्यावरनं शेतकरी माल परत घेऊन गेला नाय कदी. बाजार उठताना शेवटच्या गोन्या मीच घ्यायचो. लावा. पाच नग, वीस रुपये."

"त्या बेचाळीसला विकतायत. तुम्हाला द्यायचेच आहेत तर सरळ बेचाळीस द्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात ढ मुलाकडे बघत असे. "एकदम दिला तर तिला वास येईल. भांडल्याशिवाय मिळालेला भाव कोनाला पचत नाय. वीस लावा."

हिरव्या बाजूला एकच ओळ उमटली. वीस रुपये, पाच नग. दुपारी डबा आला तो आवाजासकट आला.

"शेठ! मागणारा आला! तुम्ही म्हणत होता ना, कोण आहे म्हणून? आला!"

"काय बोलतीस!"

"पण मेला कंजूस आहे. वीस मागतोय. लाज नाही, शरम नाही."

"दिल्लीवाला असंल," जोमाशेठ आमटीत भात कालवत म्हणाले. "तू एकदम खाली येऊ नको हां. थोडी थोडी ये."

त्या गेल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि तोंडावर पंचा धरून गदागदा हसले. "सर, मना मेला म्हनाली!"

मग दोन आठवडे मोगऱ्याच्या बाजारात दोनच माणसं होती. एक दुसऱ्या मजल्यावर, एक तिसऱ्या. ताई बेचाळीसवरून एक्केचाळीसवर आल्या की शेठ वीसवरून चोवीसवर. त्या चिडून पुन्हा बेचाळीस करत, की हे अख्खा दिवस रुसून काही लावत नसत. "राहू दे तिला. तापू दे." संध्याकाळी मात्र दारात उभे राहून ताईंच्या जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेत. एकदा मधेच कुणी तिऱ्हाइताने शेठनी लावलेल्या भावाला आपलेच पाच नग विकून टाकले. तेव्हा त्यांनी फोनला आगरीत ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. "आमी घरची मानसं बोलतोय, हा मधी कोन?"

तिकडे ताई रोज त्या अनोळखी माणसाच्या कागाळ्या घेऊन येत. तो पन्नाशीचा असावा. बायकोला छळत असावा. दातांत सोनं असावं. जोमाशेठ प्रत्येक गोष्टीला मान डोलावत. फक्त बायकोच्या उल्लेखाला म्हणाले, "तसं नसंल ग. बायकू बरी असंल त्याची." आणि पाण्याचा तांब्या उचलून तसाच खाली ठेवला.

मी एकदा त्यांना विचारलं, हा दोन भावांचा हट्ट कुठून आला? ते खिडकीतून बाहेर बघत होते. समोर कॉल सेंटरची काचेची इमारत होती. "आमची जमीन गेली ना, सर, तवा बापाला कागद आला. त्यावर एकच भाव व्हता. बाप म्हनला, मी माझा भाव सांगू का? सायब म्हनला, तशी जागा नाय कागदावर." मग हाताने माशी वारल्यासारखं करून ते म्हणाले, "ताईचा आज काय हाय बगा."

मुदतीला चार दिवस उरले, तेव्हा त्या एकोणचाळीस पन्नासवर होत्या आणि शेठ अडतीसवर. तिथे दोघंही थांबले. मला झोप येईना. "शेठ, मुलीची फी आहे."

"ती हलंल."

"नाही हलल्या तर?"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "घ्या. तिच्या भावानं."

चार दिवस आम्ही लाल ओळीतले एकशे आठ नग घेत होतो. एक ओळ रिकामी झाली की पाचेक मिनिटांत ताई नवे एकशे आठ लावत. शेवटी बारा कमी पडले, म्हणून शहाण्णव. फी भरली गेली. मुलगी पेढे घेऊन वर आली आणि पाया पडली. ताईंनी विजयाने सांगितलं, "शेवटी त्याला माझ्याच भावाने घ्यायला लावलं की नाही!" जोमाशेठ म्हणाले, "तू लय कडक, बाय."

दुसऱ्या दिवशी अकराला ते टोपी घालून आले आणि माझ्या खुर्चीत बसून राहिले. मोगऱ्याचं पान आता कोरं होतं. वर त्या विसरलेल्या सत्तर-ऐंशीच्या ओळी तेवढ्या लटकत होत्या. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सर, आपला माल लावा इकायला. पाच रुपये."

"घेणार कोण?"

"कोनी नाय. पन मानूस बसलंय असं दिसावं."

चार दिवसांनी ताई डबा घेऊन आल्या आणि त्यांनी शेठना वाढलं. मग म्हणाल्या, "शेठ, मी अजून बघते हं ते मोगऱ्याचं. सवय लागली. कोणीतरी दीड हजार नग घेऊन बसलाय पाच रुपयांना. बिचारा अडकलाय. मी त्याचे शंभर मागितलेत, एक रुपयाने."

जोमाशेठचा घास हातातच राहिला.

"कशाला ग?"

"माझ्या वेळी कोणीतरी मागितलेच ना? पण म्हणून काय पाच नाही देणार मी. यावं त्यानं खाली."

तो खाली आला. ऑगस्टभर, सप्टेंबरभर, पाच पाच दहा दहा पैशांनी. ताई वर गेल्या. त्यांच्या शंभर नगांचे होणार होते जेमतेम तीनशे रुपये. तरी त्या रोज त्याच्या नावाने बोटं मोडत आणि शेठ रोज त्याची बाजू घेत. भावही सुचवत. ताईंनाही आणि स्वतःलाही. दिवाळीनंतर त्या दोन पंच्याण्णववर पोचल्या आणि शेठ तीनवर. तिथे शेठ थांबले. एक आठवडा, दोन आठवडे. ताईंना तर तीन ही हद्दच वाटत होती. मी म्हटलं, "पाच पैशांसाठी काय अडवता, शेठ? देऊन टाका."

जवळ ताटात त्यांच्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी चिमटीत धरून मोडला.

"सौदा झाला की ती उठून जाईल ना, सर," ते म्हणाले.

पौषात ते गेले. ताई रडल्या, तेराव्याला स्वयंपाकही त्यांनीच केला. शेठचा फोन मुलाने बंद करून कपाटात ठेवला आहे. ऑर्डर मात्र कुणी काढत नाही तोवर उभीच राहते, हे मला ॲप वाचून माहीत आहे. कालच ताई माझा डबा घेऊन आल्या. आता त्या माझाही डबा करतात.

"सर," त्या म्हणाल्या, "तो मोगऱ्यावाला दिवाळीनंतर हललाच नाही. तीन म्हणजे तीन. एवढा हट्टी नव्हता हो तो. आजारी असेल का?"

त्यांनी ओट्यावर डबा ठेवला आणि फोन काढला.

"जाऊ दे. पाच पैसे वाढवते मी. सुटेल तरी बिचारा."

त्यांचं बोट काचेवर होतं. मी खुर्चीतून उठलो. इतक्या झटकन मी बऱ्याच दिवसांत उठलो नव्हतो.

"नको, ताई," मी म्हटलं. "राहू द्या. बसू द्या त्याला."